डोक्याला दोन मिलिअँपिअर, छातीला पट्टा: एका सेंटरचं परीक्षण

सेंटरचं नाव लिहीत नाही. माझं भांडण त्यांच्या जाहिरातीच्या पत्रकाशी आहे, आत काम करणाऱ्या माणसांशी नाही, आणि नाव घातलं की दोघांनाही एकच माप लागतं. शिवाय मशीन, पद्धत आणि आश्वासनं साधारण तीच असलेली अशी सेंटरं आणखीही आहेत. ज्यांच्या फाइलवर ‘वारंवार गर्भपात’ असं लिहिलं गेलंय आणि ज्यांना कुणीतरी “ब्रेन स्टिम्युलेशन करून बघा, हार्ट रेट सुधारतो, मन शांत होतं” असं सुचवलंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी सहकारी बँकेत ऑडिटला आहे. कागद उलटून मागची बाजू वाचायची खोड आहे, ती इथेही दिसेल.

सेवा अशी. मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज, प्रत्येकी साधारण ५ बाय ७ सेंटिमीटर, डोक्यावर डावीउजवीकडे रबरी पट्ट्याने बसवतात. त्यातून २ मिलिअँपिअर इतका बारीक, एका दिशेचा करंट २० मिनिटं जातो. याला टीडीसीएस म्हणतात. सोमवार ते शुक्रवार रोज जायचं, असे काही आठवडे. प्रत्येक बैठकीच्या आधी आणि नंतर छातीला पट्टा लावून पाच मिनिटं हृदयाचे ठोके नोंदवतात. बैठक चालू असताना समोरच्या स्क्रीनवर एक गोल मोठा-लहान होतो, त्याच्या तालावर मिनिटाला सहा श्वास घ्यायचे.

आमच्या सासूबाईंनी हे ऐकलं आणि पहिला प्रश्न, “म्हणजे शॉक देतात?” नाही. शॉक ट्रीटमेंटमध्ये साधारण ८०० मिलिअँपिअर करंट काही सेकंद देतात, भूल देऊन, आणि त्यात मुद्दाम फिट आणायची असते. इथे त्याच्या चारशेव्या हिश्श्याइतका करंट, तोही जागेपणी, खुर्चीत बसून. एक दिवस त्या स्वतः बघायला आल्या. वीस मिनिटं माझ्या शेजारी बसल्या आणि जिना उतरताना म्हणाल्या, “एवढंच? मग एवढे पैसे कशाचे गं?” पैशांवर नंतर येते.

आता डोक्याच्या करंटचा हृदयाशी संबंध काय, हा प्रश्न मलाही होता. डॉक्टरबाईंनी तो नीट समजावला. नाडी मिनिटाला ७५ असेल तर दोन ठोक्यांमधलं अंतर सरासरी ८०० मिलिसेकंद असतं, पण निरोगी हृदय घड्याळासारखं टकटक करत नाही. श्वास आत घेताना ठोके थोडे जवळ येतात, सोडताना लांबतात. हे लांबवण्याचं काम व्हेगस नावाची नस करते. बाई तिला ब्रेक म्हणतात, आणि या ब्रेकवर वरून ताबा कपाळामागच्या मेंदूचा, असं सांगतात. माणूस सतत धोक्याच्या तयारीत असला की ब्रेक ढिला पडतो आणि ठोके एकसुरी होतात. लागोपाठच्या ठोक्यांमधल्या अंतरात किती फरक पडतो त्याचा एक आकडा निघतो, आरएमएसएसडी. तो मिलिसेकंदात असतो. कपाळामागचा डावा भाग करंटने जरा उत्तेजित केला तर ब्रेकला मदत मिळते का, हे बघायचं, अशी सगळी कल्पना. हे हवेतलं नाही. मेंदूच्या पुढच्या भागाला बाहेरून उत्तेजन दिल्यावर नाडी किंचित मंदावते आणि हा आकडा किंचित वाढतो, असं अनेक प्रयोग एकत्र करून पाहिल्यावर दिसलेलं आहे. ‘किंचित’ हा शब्द दोन्ही ठिकाणी वाचा.

मी तिथे गेले ती आकड्यासाठी नाही. मी गेले कारण बाथरूममध्ये गेलं की दर वेळी रक्ताचा डाग आहे का म्हणून कागद उजेडात धरून बघायची सवय जाईना. दिवस गेलेले नसतानासुद्धा. सोनोग्राफीच्या दुकानावरून रिक्षा गेली तरी हाताला घाम. चुलत जावेच्या डोहाळजेवणाला मी ‘ऑफिसात इन्स्पेक्शन आहे’ म्हणून गेले नाही, आणि इन्स्पेक्शन खरंच होतं याचा मला आनंद झाला. आमच्याकडे याला ‘मनाला लावून घेणं’ म्हणतात. लंडनच्या तीन हॉस्पिटलांत यावर अभ्यास झालाय, २०२० साली छापून आला. सुरुवातीच्या महिन्यांत गर्भ गमावलेल्या बायकांपैकी २९ टक्क्यांमध्ये महिनाभरानंतर, आणि १८ टक्क्यांमध्ये नऊ महिन्यांनंतरसुद्धा, मोठ्या आघातानंतर दिसतात तशी लक्षणं होती. तो अभ्यास वाचल्यावर मी पहिल्यांदा स्वतःला ‘नाजूक’ म्हणणं थांबवलं.

सेंटरचा पहिला दिवस मला फार आवडला, आणि परीक्षणातले निम्मे तारे त्या दिवसाचे आहेत. डॉक्टरबाईंनी मशीन दाखवायच्या आधी फाइल मागितली. थायरॉइड झालंय का, दोघांचे क्रोमोझोम तपासलेत का, गर्भाशयात पडदा आहे का ते थ्रीडी सोनोग्राफीत बघितलंय का. आणि अँटिफॉस्फोलिपिडच्या, म्हणजे रक्ताच्या गुठळ्या करणाऱ्या अँटिबॉडीच्या, रक्ततपासण्या एकदाच झाल्यात की बारा आठवड्यांच्या अंतराने दोनदा? माझी दुसरी तपासणी राहिली होती. बाई म्हणाल्या, “ती करून या, मग बोलू. ती पॉझिटिव्ह आली तर त्याला ॲस्पिरिन आणि हेपॅरिनच्या इंजेक्शनांचा ठरलेला उपाय आहे. तो सोडून माझ्याकडे बसून वेळ घालवू नका.” स्वतःचं गिऱ्हाईक असं परत पाठवणारं माणूस मी बँकेत तरी बघितलेलं नाही. तपासणी निगेटिव्ह आली. म्हणजे माझी केस ‘कारण सापडत नाही’ या गठ्ठ्यात. वारंवार गर्भपात होणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्या याच गठ्ठ्यात असतात.

मग फॉर्म. फिट्स येतात का, डोक्यात धातूची पट्टी वगैरे आहे का, पेसमेकर आहे का, दिवस गेलेत का. फॉर्ममध्ये पतीचं नाव, व्यवसाय, मोबाइल सगळं विचारलं होतं. त्याला झोप लागते का, हे मात्र कुठेच नाही. लागत नव्हती.

प्रत्यक्ष बैठक. केसांना तेल लावून जायचं नाही, तेलाने करंट नीट जात नाही. हे आदल्या दिवशी मेसेजने सांगतात, ते बरं. टेक्निशियन मुलगी टेपने नाकाच्या वरच्या खोबणीपासून मागच्या उंचवट्यापर्यंत आणि एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत मोजते, खुणा करते. शिवणकामाचीच टेप. टिकली काढायला लावत नाहीत, कारण स्पंज कपाळाच्या वर केसांत बसतात, पण पाण्याने ती निघतेच, तेव्हा पर्समध्ये पाकीट ठेवा. करंट सुरू झाला की पहिलं अर्धं मिनिट मुंग्या येतात, मग खाज, मग विसरायला होतं. स्पंज वाळला तर चटका बसू शकतो, म्हणून ती मुलगी मध्येच येऊन पिचकारीने पाणी घालते आणि मग ते कानामागून मानेवर ओघळतं. दुपट्टा जुना न्या. बैठकीनंतर केसांखालची कातडी लाल दिसते, तासाभरात जाते. एखाद्या संध्याकाळी डोकं जड व्हायचं. याहून जास्त काही झालं नाही.

एकदा मी तिला विचारलं, “अगं, तू मशीन चालू न करताच बसवलंस तर मला कळेल का?”

ती हसली. “नाही कळणार, ताई. प्रयोगात तसंच करतात. सुरुवातीला अर्धं मिनिट करंट देतात, मुंग्या आल्या की हळूच बंद. पेशंटला वाटतं चालूच आहे.”

हे उत्तर तिने बाईंना न विचारता दिलं, म्हणून तिला स्वतंत्र तारा.

पट्ट्याबद्दल थोडं, कारण तो मी नंतर विकतच घेतला. पोलर एच-१०. फिनलंडची कंपनी. सेंटरमध्ये तोच वापरतात. मनगटावरचं घड्याळ कातडीखालच्या रक्ताचा उजेडाने अंदाज घेतं, हा पट्टा हृदयाचा विद्युत संकेतच पकडतो, त्यामुळे दोन ठोक्यांमधलं अंतर मोजायला तो फार सरस आहे. आतल्या बाजूचे पट्टे पाण्याने ओले करून ब्राच्या खालच्या पट्टीला लागून बांधायचा. सैल बांधला तर आकडे वेडेवाकडे येतात. मंगळसूत्राची वाटी त्याच्या बटणावर आपटून टिकटिक करते आणि मापनात कचरा येतो असा माझा अनुभव, म्हणून मी ते पाच मिनिटं पाठीवर टाकते. बटणासारखा सेल लागतो, सीआर २०२५, कुठल्याही घड्याळाच्या दुकानात मिळतो. वापरल्यावर पट्टा धुऊन वाळवा आणि पुढची सेल असलेली डबी पट्ट्यापासून सोडवून ठेवा, नाहीतर सेल उगीच संपतो. पाठीमागचा हुक मात्र स्वतःच्या हाताने लावायला जमत नाही. पुढून लावून फिरवून घ्यावा लागतो, आणि ओला पट्टा फिरवणं म्हणजे शिक्षा आहे.

आता रिपोर्ट. इथे माझ्यातली ऑडिटर जागी झाली. दर आठवड्याला एक रंगीत आलेख देतात. माझ्या आलेखात आधी आकडा चढला आणि मग खाली आला. खाली आल्यावर कॉम्प्युटरने आपणहून लाल अक्षरांत ‘घसरण’ असं छापलं. मी तारखा लावून बघितल्या. पहिलं माप पाळीच्या नवव्या दिवशीचं, लाल माप चोविसाव्या दिवशीचं. पाळीच्या दुसऱ्या अर्ध्यात हा आकडा पुष्कळ बायकांमध्ये तसाही उतरतो आणि नाडी थोडी वाढते. यंत्र बायकांसाठी, कोर्स वंध्यत्व आणि गर्भपाताच्या पेशंटसाठी, आणि रिपोर्टवर पाळीचा दिवस लिहायला रकानाच नाही! बँकेच्या स्टेटमेंटवर तारीख नसती तर मी शेरा मारून परत पाठवलं असतं. इथे मी तोंडी शेरा मारला. आता ती मुलगी कोपऱ्यात पेनाने दिवस लिहिते. छापील रकाना अजून आलेला नाही.

आकडा आणखी कशाकशाने हलतो ते त्यांनी सांगितलं नव्हतं, म्हणून मी सांगते. चहा, झोप, जेवण, सर्दी, रात्री उशिरापर्यंत मोबाइल. एकाच वेळी, एकाच स्थितीत, उपाशीपोटी मोजलं तरच दोन मापांची तुलना करण्यात अर्थ आहे. दुसऱ्या कुणाच्या आकड्याशी तर करूच नका. माझ्या शेजारच्या खुर्चीतल्या बाईंचा आकडा माझ्या दुप्पट होता आणि रडत त्या होत्या.

आता पत्रक. गुळगुळीत कागद, गुलाबी रंग, झोपलेलं गोरं बाळ. त्यावर छापलंय: ‘ताण कमी करा, बाळ टिकेल.’

या वाक्यावर माझा राग आहे आणि तो जाणार नाही. पहिल्या तीन महिन्यांत पडणाऱ्या गर्भांपैकी साधारण निम्म्यांमध्ये गर्भाच्या क्रोमोझोममध्येच दोष असतो. बीज आणि अंडं एकत्र येतानाच ते ठरून गेलेलं असतं, आईला पाळी चुकल्याचं कळायच्या आधी. तिने त्या आठवड्यात रडलं काय, भांडलं काय, लोकलने गेलं काय, त्याने ते बदलत नाही. पण घरोघर हेच चालतं. “तू फार टेन्शन घेतेस ना, म्हणून.” माझ्या आईनेसुद्धा म्हटलंय, प्रेमाने. तेच वाक्य गुलाबी कागदावर छापून, वर त्याच्या उपायाचं पॅकेज विकायचं, म्हणजे बाईच्या पदरात आधी दोष घालायचा आणि मग तो धुऊन देण्याचे पैसे घ्यायचे. मी पत्रक डॉक्टरबाईंच्या टेबलावर ठेवलं आणि विचारलं, या मशीनने जिवंत बाळ जन्मण्याचं प्रमाण वाढतं असं दाखवणारा एक अभ्यास द्या. त्यांनी खोटं सांगितलं नाही. “तसा दावा मी करू शकत नाही. मी तुमच्या झोपेवर आणि भीतीवर काम करू शकते.” मग हे? “ते मार्केटिंगने छापलंय.” पत्रक अजून काउंटरवर आहे.

आणि गंमत अशी की खरी माहिती पत्रकापेक्षा जास्त धीर देणारी आहे. वारंवार आणि कारण न सापडता गर्भपात झालेल्या ८३६ बायकांवर ब्रिटन आणि नेदरलँड्समध्ये प्रोजेस्टेरॉनचा (गर्भ टिकायला लागणारं हार्मोन) मोठा प्रयोग झाला, २०१५ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना औषध, निम्म्यांना दिसायला तसंच पण आत काही नसलेलं. औषध घेतलेल्यांपैकी ६५.८ टक्के बायकांना बाळ झालं आणि नुसत्या दिसाऊ औषधावर असलेल्यांपैकी ६३.३ टक्के. औषधाने ठोस फरक पडला नाही, हा एक अर्थ. मी दुसऱ्या अर्थाखाली रेघ मारून ठेवलीय: खरं औषध न घेता तिघींपैकी जवळजवळ दोघींना बाळ झालं. हे गुलाबी कागदावर छापा की.

मशीनच्या बाजूने आणि विरुद्ध काय आहे तेही थोडक्यात. नैराश्यावर या करंटचा बराच अभ्यास ब्राझीलमधल्या साओ पावलोच्या डॉक्टरांनी केला. २०१३ मध्ये त्यांना फायदा दिसला. २०१७ मध्ये नेहमीच्या गोळीशी तुलना केल्यावर करंट गोळीच्या तोडीचा ठरला नाही. २०२३ मध्ये जर्मनीत, आधीच गोळ्या चालू असलेल्या १६० पेशंटमध्ये, खोट्या करंटपेक्षा खऱ्याचा वेगळा फायदा दिसलाच नाही. २०२४ मध्ये घरी वापरायच्या हेडसेटवर पुन्हा चांगला निकाल आला. बुवाबाजी म्हणण्याइतकं हे पोकळ नाही आणि दहा हप्त्यांत पैसे भरण्याइतकं पक्कंही नाही.

मला काय झालं? झोप सुधारली. आधी पहाटे तीनला जाग यायची आणि मग छतावरचा पंखा मोजत बसायची वेळ, ती दुसऱ्या आठवड्यानंतर कमी झाली. आकडा सुरुवातीला विशीच्या आत होता, कोर्सच्या शेवटी पाळीच्या त्याच दिवशी मोजला तेव्हा तिशीच्या जवळ. बाथरूममधली सवय गेलेली नाही, पण आता बघते आणि बाहेर येते, आधी तिथेच थांबून राहायची. सोनोग्राफीसाठी गेले तेव्हा नाडी धावली, पण नंबर यायच्या आत खाली आली. हे करंटमुळे, की मिनिटाला सहा श्वासांमुळे, की रोज एक तास कुणी फोन करू शकत नव्हतं त्यामुळे, हे सांगता येत नाही, कारण ते तिन्ही एकाच वेळी देतात. माझा स्वतःचा कौल श्वासाच्या बाजूने जरा जास्त आहे. ते फुकट आहेत म्हणून नव्हे. मी घरी करंटशिवाय ते केले तरी पट्ट्यावर फरक दिसतो म्हणून.

पैसे. एका बैठकीचे हजाराच्या वर होतात, पॅकेज घेतलं तर थोडे कमी, आणि पॅकेजचे आगाऊ भरायचे. आमच्या मेडिक्लेमने हात वर केले. पॅकेज घेऊ नका. आठवड्याचे भरा, आणि पहिल्या आठवड्यानंतर झोपेत काहीच फरक नसेल तर बाईंशी बोला. त्या बोलण्यासारख्या आहेत. काउंटरवरचे गृहस्थ पॅकेजचा आग्रह धरतील. धरू द्या.

जागेबद्दल एक मोठी तक्रार. सेंटर तिसऱ्या मजल्यावर आणि दुसऱ्यावर मॅटर्निटी होम. लिफ्ट दुसऱ्यावर हमखास थांबते. दार उघडतं आणि समोर सातव्या-आठव्या महिन्यातल्या बायका, पेढ्यांचे डबे, भिंतीवर ‘अभिनंदन’. या पेशंटसाठी सेवा चालवणाऱ्यांना इमारत निवडताना हे सुचलं नसेल? मागून एक जिना आहे. तो पाटी लावून दाखवलेला नाही, वॉचमनला विचारावं लागतं. सकाळचा आठचा पहिला स्लॉट मागा, तेव्हा खालचं ओपीडी सुरू झालेलं नसतं.

तारे द्यायचे तर डॉक्टरबाई आणि टेक्निशियनला पाचपैकी पाच, रिपोर्टला दोन, पत्रकाला शून्य, लिफ्टला त्याहून खाली.

शेवटचा मुद्दा, जो पत्रकात नाही आणि फोनवरही सांगत नाहीत. आपण सगळ्या प्रयत्न करत असतो. कोर्स काही आठवडे चालतो, म्हणजे मध्ये अंडं फुटायचे दिवस येणारच, आणि पाळी चुकेपर्यंत दिवस गेलेत की नाही हे कळणार नाही. गरोदर बायकांमधल्या नैराश्यावर टोरांटोत या करंटचा एक लहानसा प्रयोग झालाय, पण बहुतेक प्रयोगांत गरोदर बायकांना घेतच नाहीत. बाईंनी सरळ सांगितलं की कोर्सपुरते निरोध वापरा, किंवा पाळीच्या पहिल्या अर्ध्यात बैठका आणि दुसऱ्या अर्ध्यात नुसता श्वास, असं तोडून करा. मी पहिलं निवडलं. फाइलवर त्यांनी लिहून दिलंय: टेस्ट पॉझिटिव्ह आली की करंट बंद, श्वास चालू.

पट्ट्याचं मी माझं ठरवलंय. गरोदरपणात नाडी वाढते आणि हा आकडा आपोआप उतरतो, सगळं सुरळीत असलं तरी. मला स्वतःची ओळख आहे. बीटा एचसीजीचे, म्हणजे गरोदरपणाच्या रक्ततपासणीचे, रिपोर्ट जसे रात्री दोनला उघडून बघायचे तसा मी तो बघत बसेन. तेव्हा दिवस गेले की पट्टा आईकडे ठेवायला देणार आहे, सेल काढून.